धूळपाटीपासून आज्ञावलीपर्यंत : वर्गातल्या युक्त्यांचा प्रवास

ओहोटी लागली की केळशीची पुळण लांबवर मोकळी होते. ओली वाळू फळ्यासारखी घट्ट बसते आणि काठीने ओढलेली रेघ भरतीपर्यंत तशीच राहते. काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता गावातली वीज चार दिवस गेली होती. आठवीच्या मुलांचा संगणकाचा तास होता आणि संगणक कक्ष अंधारात होता. मी अठराही मुलांना घेऊन पुळणीवर गेलो.

तिथे काठीने एक आकृती काढली. एका टोकाला सहा चौकोन काढले आणि त्यांतून सहा वाटा निघाल्या. दोन वाटा जिथे भेटतात तिथे एक गोल, अशी एकूण बारा वर्तुळे झाली. दुसऱ्या टोकाला पुन्हा सहा चौकोन. सहा मुलांच्या हातात एकेक आकडा लिहिलेली पत्रिका दिली. नियम एकच होता. वर्तुळात दोघे भेटले की पत्रिका ताडून पाहायच्या. लहान आकडेवाल्याने डावीकडच्या वाटेने पुढे जायचे, मोठ्याने उजवीकडच्या. मुले चालत गेली आणि पलीकडच्या टोकाला पोहोचली तेव्हा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभे होते. पत्रिका बदलल्या, तरी तेच झाले. आकड्यांऐवजी मुलांची नावे घेऊन मुळाक्षरांच्या क्रमाने चालवली, तरी तेच. एका मुलाने विचारले, ‘‘सर, तिघी जोड्या एकदमच का नाही ताडायच्या?’’ तशा ताडल्या आणि बारा तुलना पाच फेऱ्यांत आटोपल्या. अनेक तुलना एकाच वेळी करणाऱ्या संगणकाचे मर्म त्या मुलाने अनवाणी पायांनी शोधले होते.

ही युक्ती माझी नव्हे. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयन विटन व माइक फेलोज यांनी संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकवण्याचे जे खेळ १९९० च्या दशकात जमवले आणि ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या नावाने प्रसिद्ध केले, त्यांतला हा एक. मी फक्त खडूऐवजी वाळू वापरली.

पुढची गोष्ट मात्र माझी आहे. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या परिचयाच्या बाईंना मी हा तास फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी तो आपल्या वर्गात केला आणि तो साफ फसला. त्यांच्या वर्गात बासष्ट मुले. सहा जण आकृतीवरून चालली, छप्पन्न जण भोवती उभी राहून एकमेकांना ढकलत होती. ‘‘मुले नुसती पळाली हो, कळले कुणालाच काही नाही,’’ असे त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना कृती सांगितली होती. ती कृती कोणत्या अडचणीवरचा उतारा आहे, किती मुलांत चालते आणि कुठे मोडते, यातले काहीच सांगितले नव्हते.

चांगल्या शिक्षकाची युक्ती दुसऱ्या शिक्षकापर्यंत धडपणे पोहोचवायची कशी, हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. त्याच्या इतिहासातला एक मोठा प्रसंगही, योगायोगाने, वाळूवरच घडलेला आहे.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर अक्षर काढायला शिके. फळीवर विटकरीची भुकटी किंवा बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने गिरवायचे, चुकले तर हात फिरवून पुन्हा नवे. कागद महाग होता, आणि धुळीवरची चूक कुणाच्या लक्षात राहत नव्हती. पावकी-निमकी म्हणायची ती मोठ्या मुलाने पुढे सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. पंतोजी एक आणि मुले निरनिराळ्या पायऱ्यांवरची, म्हणून मोठ्याने लहानाला शिकवणे ही तिथली रोजची सोय होती. तिला कुणी ‘पद्धती’ म्हणत नव्हते.

मद्रासला एका स्कॉटिश पाद्र्याने तिला पद्धती केले. त्याचे नाव अँड्र्यू बेल. (न्यूझीलंडच्या बेलशी याचे नाते नाही, आडनावाचा योगायोग एवढाच.) १७८९ मध्ये तो तिथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. सकाळी घोड्यावरून रपेट करताना एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतही तसेच शिकवावे असे त्याने हाताखालच्या शिक्षकांना सांगितले. त्यांना ते जमेना, किंवा त्यांच्या मनात नसावे. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर हे काम सोपवले आणि त्या मुलाने ते करून दाखवले. पुढे शाळेचा बराचसा कारभार मुलेच मुलांसाठी पाहू लागली. बेलने हा सारा अनुभव इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये एका छोट्या पुस्तकात छापला. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली युक्ती दुसऱ्यांनी उचलावी म्हणून छापून काढल्याचे हे एक ठळक उदाहरण म्हणायला हवे.

युक्ती उचलली गेली, आणि फार मोठ्या प्रमाणावर. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि तिथे जवळजवळ हीच रीत वापरली. बेल की लँकेस्टर, मूळ जनक कोण, यावरून दोन्ही बाजूंच्या अनुयायांत बरेच वाद झाले. (मद्रासच्या त्या देशी शाळेतल्या पंतोजीचे नाव या वादात कुणी घेतले नाही.) एक शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल असा लँकेस्टरचा दावा होता. १८११ मध्ये इंग्लंडच्या चर्चने आपल्या शाळांसाठी बेलची रीत स्वीकारली. लंडनच्या वर्गांत पहिल्या बाकावर वाळूचे तबक आले.

पण काय गेले आणि काय मागे राहिले, ते पाहा. मद्रासच्या शाळेत अडचण अशी होती की शिक्षकांना नवी रीत नको होती आणि मुले एकाच आवारात दिवसरात्र राहत होती. मोठा मुलगा लहानाला ओळखत होता. लंडनला अडचण वेगळीच होती : मुले शेकड्यांनी होती आणि पैसा थोडा होता. देणगीदारांना आवडला तो रीतीचा स्वस्तपणा. मॉनिटर झालेल्या मुलाला सकाळी जेवढे घोकवले जाई, तेवढेच तो दिवसभर दुसऱ्यांकडून घोकून घेई. शंका विचारली तर त्याच्याजवळ उत्तर नसे. शिस्त राखण्यासाठी लँकेस्टरने गळ्यात लाकडी ओंडके अडकवण्यासारख्या शिक्षा शोधल्या. १८४६ मध्ये ब्रिटिश सरकारने निवडक मोठ्या मुलांना पाच वर्षे उमेदवारी देऊन शिक्षक घडवण्याची योजना आणली आणि मॉनिटर-पद्धत हळूहळू मागे पडली.

दरम्यान तीच रीत जहाजातून परत आपल्याकडे आली होती. मुंबईत १८२२ च्या सुमारास देशी शाळा व शाळापुस्तके यांसाठी जी संस्था उभी राहिली, तिने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली लँकेस्टरच्या पद्धतीवर मराठी शाळा चालवायला शिक्षक तयार केले. ज्या मुलखात मोठी मुले लहानांकडून पावकी म्हणवून घेत होती, त्याच मुलखात तीच गोष्ट विलायती सुधारणा म्हणून शिकवली जाऊ लागली. पुढे १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक घडवण्यासाठी निघालेल्या वर्गाची धुरा कोकणातल्याच बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. शिक्षक घडवायचा तर त्याला रीतीइतकेच तिच्यामागचे कारण कळायला हवे, हा विचार तोवर दोन्ही खंडांत मूळ धरू लागला होता.

कारणासकट युक्ती लिहायची कशी, याचा एक नेटका आराखडा पुढे सव्वाशे वर्षांनी मिळाला. तो शिक्षकाकडून आला नाही, एका वास्तुरचनाकाराकडून आला. त्याचाही धागा भारतातल्या एका गावाशी आणि एका शाळेशी जुळतो. ख्रिस्तोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२) हा व्हिएन्नात जन्मलेला, इंग्लंडात वाढलेला आणि गणित शिकलेला तरुण हार्वर्डला डॉक्टरेट करत असताना गुजरातेतल्या बावरा या खेड्यात येऊन काही महिने राहिला. तिथे त्याने एक छोटी शाळाही बांधली. १९६४ मध्ये त्याचे एक पुस्तक निघाले. त्यात सहाशे वस्तीच्या भारतीय खेड्याचे उदाहरण आहे. गावाच्या एकशे एकेचाळीस गरजा त्याने मांडल्या : पाणी, गुरे, जातीजातींतली अंतरे, शेताकडे जाण्याची वाट. मग कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतलेली आहे ते पाहून गणिताने त्यांचे गट पाडले. एवढी आकडेमोड करायला त्याने त्या काळचा मोठा संगणक वापरला.

गंमत अशी, की लोकांनी ती गणिती पद्धतच डोक्यावर घेतली. १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अलेक्झांडरने याबद्दल स्पष्ट नापसंती दाखवली. पद्धत महत्त्वाची नाही, त्यातून निघालेल्या छोट्या, सुट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या आकृत्या महत्त्वाच्या, असे त्याचे म्हणणे होते. या आकृत्यांनाच त्याने पुढे ‘पॅटर्न’ म्हटले. आपण आकृतिबंध म्हणू. १९७७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्याने २५३ आकृतिबंधांचे जाडजूड पुस्तक काढले.

त्यातला एक नमुना कोकणातल्या माणसाला लगेच पटेल असा आहे. सहा फुटांपेक्षा अरुंद सज्जा लोक वापरत नाहीत, असे तो सांगतो. नुसते ‘सज्जा सहा फुटांचा ठेवा’ एवढे सांगून तो थांबत नाही. माणसे बसतात तेव्हा त्यांना खुर्च्या थोड्या वर्तुळात घ्यायच्या असतात, मध्ये काही ठेवायला जागा लागते, पाय पसरायचे असतात; अरुंद सज्जात सगळे एका रांगेत बसतात आणि थोड्याच वेळात उठून जातात. म्हणून सहा फूट. आपली ओटी ऐसपैस का असते आणि नव्या बंगल्यांच्या चिंचोळ्या गॅलऱ्यांत कपडेच का वाळतात, याचा उलगडा एका पानात होतो.

प्रत्येक आकृतिबंधाची ठेवण अशीच आहे. आधी नाव, मग तो कुठे लागू पडतो ते, मग अडचण, मग त्या अडचणीत एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या गोष्टी, आणि त्यानंतर, ‘म्हणून’ या शब्दापुढे, उपाय. शेवटी त्याला लागून येणाऱ्या दुसऱ्या आकृतिबंधांची नावे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ज्या आकृतिबंधाबद्दल लेखकांना पुरती खात्री होती त्याच्या नावापुढे त्यांनी दोन तारे छापले, थोडी कमी खात्री असेल तिथे एक, आणि जिथे नुसता अंदाज होता तिथे एकही नाही. आपल्या शैक्षणिक साहित्यात अशी तारे देण्याची चाल असती तर कितीतरी उपक्रम बिनतारी निघाले असते. असो.

वास्तुरचनाकारांनी या पुस्तकाकडे काहीशा संशयाने पाहिले. ते मनापासून उचलले आज्ञावली लिहिणाऱ्यांनी. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघा अमेरिकन आज्ञावलीकारांनी ही कल्पना आपल्या कामात वापरून एका परिषदेत मांडली. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्ह्लिसिडीस या चौघांनी तेवीस आकृतिबंधांचे पुस्तक काढले. ते आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आहे. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉयमध्ये फक्त आकृतिबंध लिहिणे आणि एकमेकांचे तपासणे यासाठी परिषद भरली.

हा काळ संगणक शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने बिकट होता. वर्षानुवर्षे पास्कलसारख्या भाषांतून ‘आधी हे कर, मग ते कर’ असे शिकवलेल्या प्राध्यापकांना आता वस्तुनिष्ठ आज्ञावली शिकवायची होती, म्हणजे आज्ञांच्या यादीऐवजी एकमेकांशी बोलणाऱ्या वस्तूंच्या रूपात विचार करायला लावायचे होते. विषय नवा आणि शिकवण्याचा अनुभव कुणालाच फारसा नव्हता. ज्याला एखादी गोष्ट साधली ती त्याच्याच वर्गात राहात होती. अशा वेळी १९९० च्या दशकाच्या मध्यावर जोसेफ बर्जिन, हेलन शार्प, मेरी लिन मान्स, युटा एक्श्टाइन आदींनी शिकवण्याच्या युक्त्याच अलेक्झांडरच्या ठेवणीत लिहायला सुरुवात केली. पुढे २०१२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

त्यातला एक आकृतिबंध विस्ताराने पाहू. इंग्रजीत त्याचे नाव ‘फिक्सर अपर’. पडझड झालेले पण मूळचे चांगले, डागडुजी करून राहण्याजोगे घर म्हणजे फिक्सर अपर. मी त्याला ‘शाकारणी’ म्हणतो. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो तेव्हा घर नवे बांधत नाही. चार फुटकी कौले शोधून बदलतो. पण ती शोधायला सगळ्या छपरावरून फिरावे लागते आणि फिरता फिरता वासा कुठे, रीप कुठे, पन्हळ कुठे, हे कळते.

अडचण अशी. नवशिक्या मुलाला मोठी आज्ञावली लिहिता येत नाही. छोट्याच दिल्या तर मोठ्या कामाची रचना कशी असते हे त्याला कळत नाही. मोठी तयार आज्ञावली नुसती वाचायला दिली तर तो वाचत नाही, कारण वाचण्याचे काही कारण त्याच्यापाशी नसते. म्हणून त्याला एक मोठी, बहुतांशी निर्दोष आज्ञावली द्यावी आणि तिच्यात जाणूनबुजून थोडे दोष ठेवावेत. दोष शोधण्यासाठी त्याला सारे वाचावे लागते.

समजा, आज्ञावली वर्गातले सर्वांत जास्त गुण शोधते. सुरुवातीला ती ‘आतापर्यंतचा मोठा आकडा’ म्हणून शून्य धरते आणि मग एकेक गुण त्याच्याशी ताडत जाते. गुणांसाठी ती बिनचूक चालते. आता त्याच आज्ञावलीला लडाखमधल्या द्रासचे जानेवारीतले रात्रीचे तापमान द्या : उणे १२, उणे १९, उणे ८. उत्तर येते शून्य, आणि शून्य तर यादीतच नाही! दोष एका ओळीत आहे. पण तो सापडायला मुलाला मोठा आकडा कसा शोधतात हे मनात पुन्हा उभे करावे लागते. शून्याऐवजी यादीतला पहिलाच आकडा सुरुवातीला धरावा, हे मुले स्वतःच सांगतात.

या युक्तीच्या मर्यादाही पाळाव्या लागतात. दोष फार असले तर मूल हात टेकते. दोष रचनेच्या मुळाशीच असेल तर ते चुकीची रचना शिकते. आणि दोष आहेत हे आधी सांगितले नाही तर ते शिक्षकावर रुसते. माझ्या फोनवरच्या वर्णनात नेमके हेच नव्हते.

आपल्या शाळांत संगणक आले ते १९८४-८५ च्या सुमारास, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेतून. सुरुवात सुमारे अडीचशे शाळांपासून झाली आणि यंत्रे ब्रिटनमधली बीबीसी मायक्रो होती. यंत्रे आली, त्यांच्यासोबत पुस्तिका आल्या. कोणत्या शिक्षकाला वर्गात काय साधले, काय फसले, हे दुसऱ्या शाळेपर्यंत नेणारी अशी कोणतीही ठेवण त्या खोक्यांत नव्हती.

उलट उदाहरण मुंबईच्या आय.आय.टी.तले आहे. शिक्षकाने प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग सर्वांसमोर मांडायचे, ही युक्ती फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षकतज्ज्ञाने १९८१ मध्ये मांडलेली. शाळेच्या छोट्या वर्गांतून आलेली ही गोष्ट आज्ञावलीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात, शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात चालेल का, हे सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले. वर्गात निरीक्षक बसवून विद्यार्थी प्रत्येक टप्प्यावर खरोखर कामात आहेत की नाही याची नोंद केली. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी गुंतलेले आढळले, असे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. मला आकड्यापेक्षा त्यामागची शहानिशा मोलाची वाटते. युक्ती नव्या जागी नेताना ‘इथे ती तीच राहते का?’ हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. लँकेस्टरच्या देणगीदारांनी तो विचारला नव्हता.

स्वतः अलेक्झांडरला १९९६ मध्ये आज्ञावलीकारांच्या परिषदेत बोलावले होते. तुमच्या आकृतिबंधांमुळे माणसांचे जगणे काही बरे होते का, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. शिक्षकाने तो प्रश्न मुलांपुरता करून घ्यावा.

माझ्या पुळणीवरच्या तासाचे मग मी एक पान लिहिले. नाव : पुळणीवरची क्रमवारी. कुठे : वीज नाही, मुले वीसच्या आत, मोकळी जागा. अडचण : क्रम लावणे मुलांना इतके सोपे वाटते की यंत्र ते कसे करते हा प्रश्नच त्यांना पडत नाही. ओढाताण : चालणारी मुले रमतात, पाहणारी कंटाळतात, आकृती छोटी काढली तर कळते पण गंमत जाते, मोठी काढली तर चुकांचा माग लागत नाही. म्हणून सहा वाटा, बारा वर्तुळे. आणि उरलेल्या मुलांनी पुढच्या वर्तुळात कोण कुणाला भेटेल ते आधी पाटीवर लिहून ठेवायचे. हे पान बाईंना पाठवले.

त्यांनी ते दुरुस्त करून परत पाठवले. आधी नाव खोडले. त्यांच्या गावात पुळण नाही. ‘जमिनीवरची क्रमवारी’ म्हणा, असे त्यांनी लिहिले. बासष्ट मुलांसाठी अंगणात खडूने दहा आकृत्या काढल्या, साठ मुले चालली आणि उरलेली दोघे पंच झाली. तीन आकृत्यांत शेवटचा क्रम चुकला. तेव्हा मुलांना पत्रिका घेऊन उलट चालत यायला सांगितले, आणि कोणत्या वर्तुळात डावे-उजवे झाले ते मुलांनीच शोधले. चूक शोधण्याचा हा भाग मूळ खेळापेक्षा जास्त रंगला, असा शेरा त्यांनी मर्यादांच्या रकान्यात, खरे तर चुकीच्या जागी, लिहिला आहे. पानाच्या डोक्यावर मी दोन तारे काढले होते. त्यांतला एक त्यांनी खोडला : दोनच शाळांत करून पाहिले आहे, अजून एक तारा पुरे.